"हे औषध थोडंच आहे" : सप्लिमेंट आणि हृदयाच्या गोळ्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हृदयासाठी आणि म्हातारपण निरोगी जावं म्हणून कोणती सप्लिमेंट्स घ्यावीत यावर अर्धं पानभर लेख आला होता. मेहनतीने लिहिलेला होता, नाही असं नाही, पण शेवटी एक वाक्य होतं की ही नैसर्गिक असल्यामुळे निर्धास्त घेता येतात, आणि ते वाचल्यापासून मला चैन नाही. म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलंय, जागेसाठी कापलंत तरी चालेल, फक्त वॉरफरीनचा, म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा भाग कापू नका एवढी विनंती.

माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत. त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात त्याला, त्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी व्हायची भीती असते आणि ती गुठळी मेंदूकडे गेली की पक्षाघात, म्हणून गेली सहा वर्षं त्यांना वॉरफरीन चालू आहे. ज्यांच्या घरात ही गोळी आहे त्यांना आयएनआर काय ते सांगायला नको. रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा तो आकडा, बाबांचा २ ते ३ मध्ये राहायला हवा, खाली गेला की गुठळीची भीती आणि फार वर गेला की रक्तस्रावाची. बाबा शिस्तीचे, त्यांची एक वही आहे, तारीख, आकडा, गोळीचा डोस, सगळं निळ्या पेनने रकाने आखून. वर्षानुवर्षं त्यात २.३, २.६, २.४ असेच आकडे. आणि मग एकदम १.७. त्यापुढच्या वेळी १.४. डॉक्टरांनी डोस वाढवला आणि विचारलं की गोळी चुकली का, पालेभाज्या एकदम वाढल्या का, नवीन औषध काही सुरू केलंत का. बाबा तिन्ही प्रश्नांना नाही म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते, त्यांच्या मते ते खरंच होतं.

पंधरा दिवसांनी मी त्यांचा चष्मा आणायला खोलीत गेले तर डबीच्या मागे एक पांढरी बाटली. समोर मोठ्या अक्षरात हाडं आणि हृदय, पन्नाशीनंतर वगैरे. आत्याने आणून दिलेली, प्रेमाने, भावाची काळजी म्हणून. मागचं लेबल इतकं बारीक की मी मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचलं : कॅल्शियम, व्हिटॅमिन डी३, आणि व्हिटॅमिन के२-७. आता वॉरफरीन काम कसं करतं, तर लिव्हर व्हिटॅमिन के वापरून रक्त गोठवणारे घटक बनवतं आणि ही गोळी नेमकं तेच काम अडवते. म्हणजे डॉक्टर एका बाजूने के दाबतायत आणि बाबा रोज सकाळी दुसऱ्या बाजूने ते भरतायत. त्यातलं के२-७ रक्तात कित्येक दिवस टिकतं, म्हणून थोडा डोससुद्धा आकडा हलवतो. मी म्हटलं, बाबा, डॉक्टरांनी विचारलं होतं ना तुम्हाला? तर म्हणाले, "अगं ते औषध विचारत होते, हे औषध थोडंच आहे."

पुढची चूक माझी. मी बाटली उचलली आणि फेकली, डॉक्टरांना फोन न करता. डोस तर आधीच वाढवलेला होता! के बंद झालं आणि वाढीव वॉरफरीन तसंच चालू राहिलं, दहाव्या दिवशी दाढी करताना हनुवटीवर कापलं ते थांबेना, रात्री नाकातून रक्त यायला लागलं, दुसऱ्या दिवशी आयएनआर ४.८. वेळेवर गेलो, निभावलं. पण सुरू करताना जसं सांगायला हवं तसंच बंद करतानाही सांगायला हवं, हे मला त्या रात्री टॉवेलवरचं रक्त बघून कळलं, आणि तुमच्या लेखात याबद्दल एक अक्षर नव्हतं.

आता लेखातल्या ओमेगा-३ बद्दल, म्हणजे माशाच्या तेलातल्या त्या चरबीबद्दल, कारण त्यावर सगळ्यात जास्त ओळी होत्या. २०१८ मध्ये व्हायटल नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, २५,८७१ लोक, रोज १ ग्रॅम ओमेगा-३, पाच वर्षांहून जास्त काळ, आणि हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू हे सगळं मिळून मोजलं तर ठोस फरक दिसला नाही. त्याच वर्षी रिड्यूस-इट नावाच्या अभ्यासाचे निकाल आले, त्यात ८,१७९ लोक होते आणि धोका २५ टक्के कमी झाला. जाहिरातवाले हा दुसरा आकडा उचलतात. पण तो अभ्यास कोणावर होता, तर ज्यांना आधीच हृदयविकार आहे किंवा डायबिटीस आणि सोबत इतर धोके आहेत, जे स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी घेतायत आणि तरी ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी वाढलेलीच आहे अशांवर, आणि दिलं काय तर शुद्ध केलेलं ईपीए (ओमेगा-३ चा एक प्रकार, दुसरा डीएचए) रोज ४ ग्रॅम, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं. (त्यातल्या प्लासिबोत, म्हणजे तुलनेसाठी दिलेल्या खोट्या गोळीत, मिनरल ऑइल होतं आणि त्यानेच त्या गटाचं थोडं बिघडलं असेल का, यावर तज्ज्ञांमध्ये वादही आहे, आणि २०२० मध्ये ईपीए-डीएचए मिसळून तेवढाच ४ ग्रॅमचा डोस दिलेल्या दुसऱ्या अभ्यासात फायदा दिसलाच नाही.) घरातली साधी फिश ऑइलची बाटली उलटी करून बघा, समोर १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं पण मागे बऱ्याचदा ईपीए १८० आणि डीएचए १२० एवढंच असतं, बाकी नुसतं तेल. ४ ग्रॅम ईपीए गाठायचं तर दिवसाला बावीस-तेवीस कॅप्सूल गिळाव्या लागतील. आणि आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, रिड्यूस-इटमध्येच एट्रियल फिब्रिलेशन किंवा फ्लटरसाठी (तोही ठोक्यांचाच तसाच आजार) ॲडमिट व्हावं लागलेले लोक ईपीएच्या गटात ३.१ टक्के होते आणि प्लासिबोच्या गटात २.१. ज्या माणसाला ठोक्यांचाच आजार आहे त्याला "हृदयासाठी चांगलं" म्हणून कोणीतरी हेच आणून देणार, आणि आणून देणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हे कुठून आलं मला समजत नाही. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर बीटा कॅरोटीनचा (गाजराला रंग देणारा घटक) अभ्यास झाला, ज्यांच्या रक्तात ते जास्त त्यांना कॅन्सर कमी होतो असं आधी दिसलं होतं म्हणून लोकांना फार आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला तर गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. व्हिटॅमिन ई चंही तेच, २००० साली होप अभ्यासात हृदयाला काही फायदा दिसला नाही आणि २००५ मध्ये त्याच लोकांचा पुढचा हिशोब आला तेव्हा हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाची रक्त ढकलायची ताकद कमी होणं, उलट जास्त दिसलं. २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा तज्ज्ञगटाने हृदयविकार आणि कॅन्सर टाळण्यासाठी ही दोन्ही घेऊ नका असं स्पष्ट सांगितलं. आणि तुमच्या लेखात "अँटीऑक्सिडंट्स" या मथळ्याखाली दोन्ही होती.

लाल यीस्ट तांदळाबद्दल, म्हणजे लाल बुरशीने आंबवलेल्या तांदळाच्या गोळ्यांबद्दल, जरा थांबून सांगते. लेखात त्याला स्टॅटिनला नैसर्गिक पर्याय म्हटलंय. त्यात मोनाकोलिन के नावाचा घटक असतो आणि रासायनिकदृष्ट्या तो म्हणजे लोव्हास्टॅटिनच, १९८७ मध्ये बाजारात आलेली पहिली स्टॅटिन. मग तो पर्याय कसा झाला? ते तेच औषध आहे, फक्त एका बाटलीत किती आणि दुसरीत किती याचा भरवसा नाही. डॉक्टरांची स्टॅटिन चालू असताना वर हे घेतलं तर दोन स्टॅटिन पोटात, स्नायू दुखणं, क्वचित स्नायूच खराब होऊन किडनीवर ताण. युरोपियन युनियनने २०२२ मध्ये दिवसाच्या डोसमध्ये मोनाकोलिन ३ मिलिग्रॅमपेक्षा कमीच हवं असा नियम केला तो उगीच नाही.

केसांची आणि नखांची सप्लिमेंट्स हृदयाच्या लेखात कशाला, असं वाटेल. पण ती सांगायलाच हवीत. त्यात बायोटिन असतं, मोठ्या माणसाला रोज ३० मायक्रोग्रॅम पुरतं आणि गोळ्या मिळतात ५,००० आणि १०,००० मायक्रोग्रॅमच्या. आता छातीत दुखतंय म्हणून माणूस हॉस्पिटलमध्ये गेला की ट्रोपोनिन नावाची रक्ताची टेस्ट करतात, हार्ट अटॅक आहे की नाही ते त्यावरून कळतं. त्यातल्या काही टेस्टच्या किटमध्ये बायोटिनचाच वापर केलेला असतो, त्यामुळे रक्तात ते भरमसाट असेल तर आकडा खोटाच कमी येतो. अटॅक आहे आणि रिपोर्ट नॉर्मल! अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला, त्यात अशा चुकीच्या कमी रिपोर्टनंतर झालेल्या एका मृत्यूची नोंद होती. माझी आई हीच गोळी घेत होती आणि तिला बीपी आहे. कॅज्युअल्टीत कोण विचारतं हो, केसांची गोळी घेता का म्हणून?

सगळंच टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही, उगाच गैरसमज नको. वय वाढलं की पोटातलं आम्ल कमी होतं आणि अन्नातलं बी१२ नीट सुटत नाही, त्यात डायबिटीसची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर अजूनच, मग पायांना मुंग्या, तोल जाणं, विसरायला होणं, आणि घरचे म्हणतात वय झालं. साध्या रक्ततपासणीने कळतं आणि बी१२ दिलं की बऱ्याच जणांना फरक पडतो, माझ्या सासूबाईंना पडला. इसबगोलाने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, थोडं खाली येतं हेही खरं, पण ते बाकीच्या गोळ्या पोटात अडकवून ठेवू शकतं म्हणून मध्ये दोनेक तासांचं अंतर लागतं. को-एन्झाइम क्यू१० चा (शरीरात आपोआपही बनणारा एक घटक) २०१४ चा एक अभ्यास आहे, हार्ट फेल्युअरच्या ४२० पेशंटवरचा, त्यात फायदा दिसला, अभ्यास छोटा आहे पण मला त्याबद्दल आशा आहे. मात्र त्याची रचना व्हिटॅमिन के सारखी आहे आणि तेही वॉरफरीनचा असर कमी करू शकतं, तेव्हा आमच्याकडे पुन्हा तोच प्रश्न. आणि ज्येष्ठमध, घसा दुखला की चघळतो आपण, पण रोज काढ्यातून घेतलं तर बीपी चढवतं आणि पोटॅशियम उतरवतं, ठोके बिघडलेल्या माणसाला दोन्ही नको.

तेव्हा संपादक साहेब, माझी मागणी एवढीच आहे की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा प्रत्येक सप्लिमेंटच्या शेजारी एक ओळ द्या, हे कोणत्या औषधाबरोबर घेऊ नये. फायद्याला चार ओळी आणि याला एकही नाही असं नको. आणि डॉक्टर मंडळी हे पान वाचत असतील तर त्यांनाही हात जोडून सांगते, "औषध काय चालू आहे" असं विचारू नका, पावडर, कॅप्सूल, टॉनिक, काढा, केसांची गोळी, जे काही रोज पोटात जातं ते सगळं पिशवीत भरून आणा असं सांगा. आमच्या डॉक्टरांनी आता तसं सुरू केलंय. बाबांच्या वहीत डोसच्या पुढे एक नवीन रकाना आहे, त्याला त्यांनी "इतर" असं नाव दिलंय.

परवा आत्याचा फोन आला होता. बाबांचं कळल्यापासून ती फार हळहळत होती. तिच्याकडच्या तीन बाटल्यांची मागची बाजू तिने मला भिंग लावून अक्षर न् अक्षर वाचून दाखवली, तिसऱ्या बाटलीत लाल यीस्ट तांदूळ निघाला आणि ती गेली चार वर्षं स्टॅटिन घेते, पिंडऱ्या दुखतात म्हणून महिनाभर शेक घेत होती. मी सांगितलं की स्वतःहून काही सुरू-बंद करू नकोस, आधी डॉक्टरांना फोन कर. उद्या सकाळी ती तिन्ही बाटल्या घेऊन त्यांच्याकडे जातेय.

आपली,
एक नियमित वाचक