रिओहून आबांना पत्र

रिओ द जानेरो
मे २०२५

ती. आबा आणि ती. आई यांना सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं आई विचारणारच. पण फोनवर आपलं काय होतं ते ठाऊकच आहे. साडेआठ तासांचा फरक, त्यात आबा स्पीकर लावतात, शेजारचे काका मध्ये बोलतात आणि आईचं 'जेवलास का' संपेपर्यंत मला मीटिंगला बोलावणं येतं. म्हणून लिहितो आहे. शुभानं मोठ्यानं वाचून दाखवावं आणि मधलं काही गाळू नये.

मी ठणठणीत आहे. आधी त्या व्हिडिओचं मिटवतो. दाजींनी तुम्हाला मोबाइलवर जे दाखवलं, एक माणूस धावत पुढं येतो, एक ठोसा लागतो आणि तो तोंडावर पडतो, तो माणूस मी नव्हे, आणि मी असल्या लढतीत उतरत नाही. ती लढत १२ डिसेंबर २०१५ ची, अमेरिकेत लास वेगासला झालेली. पडलेला तो इथला, ब्राझीलचा जोसे आल्डो. मारणारा आयर्लंडचा कॉनर मॅकग्रेगर. सगळं मिळून तेरा सेकंद. दाजींनी नेमकं तेवढंच दाखवायचं आणि 'आपला अमोल असलंच काहीतरी शिकतोय म्हणे' असं वर जोडायचं, म्हणजे आईनं दोन दिवस जेवायचं नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा.

मी शिकतो ते जिऊ-जित्सू. त्यात ठोसे नाहीत, लाथा नाहीत. जाड सुती अंगरखा आणि पट्टा घालायचा, गादीवर झटायचं. हात पिरगळला किंवा गळा आवळला गेला की गादीवर दोनदा थापटायचं. समोरचा त्याच क्षणी सोडतो. उठायचं, हात मिळवायचा, पुन्हा सुरू. आमच्या क्लासात साठीचे एक आजोबा आहेत. ते मला दर वेळी थापटायला लावतात आणि वर पाठीवरून हात फिरवतात. आमच्या वस्तादांचे कान, आबा, अगदी तुमच्यासारखे, मोडून कुरडईसारखे झालेले. पहिल्या दिवशी ते कान बघितले आणि मी फी भरून टाकली.

तुम्हाला एक गोष्ट पटायची नाही. आपल्याकडं पाठ मातीला लागली की कुस्ती संपली, हलगी वाजली. इथं पाठ टेकली की खरा खेळ सुरू होतो. खाली उताणा पडलेला माणूस पायांनी वरच्याची कंबर जखडतो आणि तिथूनच त्याचा हात नाहीतर गळा धरतो. कितीतरी लढती खालच्यानं जिंकलेल्या आहेत. ही विद्या मूळची जपानची. मित्सुयो माएदा नावाचा जपानी मल्ल शंभर वर्षांपूर्वी या देशात आला, कुस्त्या लावत फिरला आणि उत्तरेला बेलें शहरात राहिला. त्याच्याकडून ग्रेसी घराण्यातली पोरं शिकली, त्यांनी ती आपल्या पद्धतीनं वाढवली. पुढं तिला ठोसे, लाथा, कुस्ती सगळं जोडून पिंजऱ्यातली लढत झाली. आमचा क्लास त्या पायरीच्या अलीकडंच थांबतो.

आता आल्डोविषयी. तेरा सेकंदांवरून तुम्ही त्याला तोलू नये, म्हणून सांगतो. शिवाय या महिन्यात इथं ट्रेनमध्ये, लिफ्टमध्ये, न्हाव्याकडं त्याच्याशिवाय दुसरा विषय नाही.

हा माणूस मानाउसचा, म्हणजे पार अमेझॉनच्या जंगलातला. जन्म १९८६ चा. तान्हा असताना निखाऱ्यांवर पडून भाजला, गालावरचा व्रण अजून आहे. फुटबॉलपटू व्हायचं होतं. गल्लीत मार खायला नको म्हणून आधी कापुएरा, म्हणजे इथला नाचत खेळायचा लढाऊ खेळ, आणि मग जिऊ-जित्सू शिकला. मिसरूड फुटायच्या वयात घर सोडून रिओला आला. खिशात काही नाही, ओळखीचे नावापुरते. नोवा उनियाओ नावाच्या तालमीत आंद्रे पेदेर्नेरास हे वस्ताद. दिवसभर तिथं सराव आणि रात्री त्याच गादीवर झोप. तुमच्या तालमीत खेड्यातून आलेली पोरं राहायची तसंच, फक्त त्यांना घरून तूप-बदाम यायचे. याला बऱ्याचदा जेवणाचीही भ्रांत होती.

२००५ साली एक लढत हरला. त्यानंतर सलग दहा वर्षं त्याला कुणी हरवू शकलं नाही. दहा वर्षं, आबा! २००९ च्या जूनमध्ये एकाला आठ सेकंदांत उडत्या गुडघ्यानं झोपवला, आणि नोव्हेंबरात माइक ब्राऊनला हरवून विजेतेपदाचा पट्टा घेतला. पुढच्या वर्षी युराया फेबरशी, त्याच्याच गावात, सॅक्रामेंटोला. फेबर मूळचा कुस्तीगीर. आल्डोनं त्याच्या डाव्या-उजव्या ठोशांच्या नादाला न लागता मांडीवर लाथा घातल्या. एकाच मांडीवर, पाच फेऱ्या. शेवटी मांडी जांभळी झाली आणि फेऱ्यांच्या मधे फेबरला त्याची माणसं उचलून स्टुलावर बसवत होती. (शुभा, हे वाक्य आईला वाचून दाखवू नकोस.)

पण तुम्हाला आवडेल ती गोष्ट वेगळी. याचा पट कुणाला काढता यायचा नाही. अमेरिकेतले कॉलेजात घासून तयार झालेले पैलवान खाली वाकून पायात घुसायचे आणि हा कंबर मागं टाकून, कूस बदलून निसटायचा. २०१२ च्या जानेवारीत इथं रिओत चॅड मेंडेस असाच घुसत होता. एकदा आल्डोनं पिंजऱ्याची जाळी धरून स्वतःला वाचवलं, तो चक्क फाऊल होता. इथले लोक ते सांगत नाहीत, मी सांगतो. पण पहिल्या फेरीचा एक सेकंद उरला असताना मेंडेस खाली वाकला आणि याचा गुडघा त्याच्या तोंडावर बसला. लढत संपली. आल्डो पिंजऱ्यातून बाहेर पळाला तो थेट प्रेक्षकांत, आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतला. यूएफसी म्हणजे पिंजऱ्यातल्या लढती भरवणारी अमेरिकेतली मोठी कंपनी; २०१० च्या अखेरीपासून तो तिचा ६६ किलोच्या गटातला पहिला विजेता होता. पट्टा सात वेळा राखला.

मग ते तेरा सेकंद. मॅकग्रेगरनं महिनोन् महिने त्याला डिवचलं, मुलखामुलखात हिंडून शिव्या दिल्या. हा एरवी थंड डोक्याचा माणूस, त्या दिवशी रागानं आत शिरला. बाकी दाजींनी दाखवलंच आहे. त्यांनी पुढचं मात्र दाखवलं नाही. सात महिन्यांत फ्रँकी एडगरला हरवून तो हंगामी विजेता झाला आणि वर्षअखेरीला पूर्ण पट्टा पुन्हा त्याच्याकडं आला. २०१७ मध्ये मॅक्स हॉलोवेनं तो याच रिओत, याच्याच माणसांसमोर काढून घेतला, आणि डिसेंबरात परत हरवलं. लोक म्हणाले, संपला. तर हा खालच्या वजनात उतरला आणि तिथं आणखी तीन वर्षं चांगल्या-चांगल्यांना भारी पडला.

वजनावरून आठवलं. आईचा प्रश्न, खातोस काय. आई, इथं एक पद्धत आहे, ती तुला नीट समजावून सांगतो म्हणजे काळजी मिटेल. इथं दुपारचं जेवण किलोवर मिळतं. खानावळीत शिरलं की दारात एक कार्ड देतात. ते हरवायचं नाही, हरवलं तर दंड. मग ताट घ्यायचं. लांबच लांब टेबलावर तीस-चाळीस भांडी: भात, काळा घेवडा, बारीक चिरून परतलेली कोबीसारखी हिरवी पानं, कसाव्याचं भाजलेलं पीठ, तळलेली केळी, बीट, गाजर, आणि मधेच कच्च्या माशाचे जपानी तुकडे. हवं ते हवं तेवढं वाढून घ्यायचं. मग रांगेत उभं राहून ताट तराजूवर ठेवायचं. ताटाचं वजन आधीच वजा केलेलं असतं. बाई बटण दाबते, कार्डावर नोंद होते, खायचं आणि जाताना पैसे भरायचे. भात असो की मासा, ग्रॅमला भाव एकच. त्यामुळे इथले जुने लोक कलिंगड कधी घेत नाहीत, नुसतं पाणी तोलून पैसे जातात म्हणतात. सूप वेगळं. पाणी वेगळं. कुणी ताटावर डोंगर रचला तरी कुणी बघत नाही. वकील, सफाईवाले, आमचे साहेब, सगळे आपापलं ताट हातात धरून एकाच तराजूसमोर. मला पहिले काही आठवडे लाज वाटायची, की मोजून जेवायचं हे कसलं. आता इतकी सवय झाली आहे की भात वाढतानाच साडेचारशे ग्रॅमचा अंदाज येतो. गाईच्या मांसाच्या ट्रेकडं मी जात नाही, हे तिसऱ्यांदा सांगतोय. घेवड्यात कधी कधी डुकराचा तुकडा असतो, तो मी बाजूला काढतो. वाळलो नाही. फोटोत वाळलेला दिसतो तो कॅमेऱ्याचा कोन.

आणि गंमत बघा, आल्डोला जन्मभर छळलं ते तराजूनंच. आपल्याकडं पैलवान खुराकानं वजन वाढवतो. हे लोक लढतीच्या आदल्या दिवशी वजन देण्यासाठी शरीरातलं पाणी घाम काढून काढून उतरवतात आणि मग एका रात्रीत परत भरून काढतात. ६६ किलोच्या गटातच त्याचे हाल व्हायचे, आणि पुढं तर तो ६१ ला उतरला.

२०२२ ला अमेरिकेत एक लढत हरल्यावर त्यानं निवृत्ती घेतली. पुढच्या वर्षी यूएफसीच्या मानाच्या यादीत नाव गेलं. झालं म्हणायचं. पण करारातली एक लढत शिल्लक होती. ती पुरी करायला म्हणून मागच्या वर्षी ४ मेला इथं रिओत उतरला. तेव्हा मी होतो तिथं, सगळ्यात वरच्या, स्वस्तातल्या रांगेत. (स्वस्त, आबा. खरंच स्वस्त.) सारं स्टेडियम एका सुरात समोरच्याला 'मरणार तू' म्हणून गात होतं. हेही इथलं नेहमीचंच, मनावर घ्यायचं नाही, म्हाताऱ्या बायकाही गातात. तीन फेऱ्या तो तरण्या पोरासारखा खेळला आणि जिंकला. तिथंच थांबायला हवं होतं, असं माझं मत. पण टाळ्या पडल्या, नवा करार पुढं आला, त्यानं सही केली. ऑक्टोबरात थोडक्यात हरला. आणि या महिन्यात कॅनडात माँट्रियलला तर वजनच उतरेना, म्हणून लढत ऐन वेळी वरच्या गटात नेली. तिसऱ्या फेरीत त्यानं डोक्यावर लाथ घालून समोरच्याला खाली पाडलं, सगळा जीव काढून मारलं, आणि स्वतःचाच श्वास संपला. मग खाली पडून मार खाल्ला. निकाल विरुद्ध गेला. तिथंच, पिंजऱ्यातच, आता पुरे म्हणाला. ३२ विजय, १० पराभव. वय अडतीस. न्हावी माझी दाढी करता करता रडत होता, वस्तरा हातात घेऊन. मला आल्डोपेक्षा गळ्याची जास्त काळजी.

आता कामाचं. माझंही कंपनीशी एका वर्षाचं बोलणं होतं, हे तुम्हाला आठवतंय, मलाही आठवतंय. ते त्यांनी पुढच्या डिसेंबरपर्यंत वाढवलं आहे आणि मी सही केली आहे. फोनवर सांगणार होतो, पण त्या दिवशी आईच्या मोतीबिंदूची तारीख ठरली आणि राहून गेलं. पगार वाढवला आहे. बोअरचं कर्ज दिवाळीच्या आत फिटेल, सोसायटीच्या सचिवांना तसं सांगा आणि दर आठवड्याला त्यांच्या दारात जाऊन उभे राहू नका.

शुभाच्या लग्नाचे पैसे वेगळे ठेवले आहेत. हॉल आबांनी ठरवावा, दागिने आईनं. मोबाइलवर फोटो पाठवून मला विचारायची गरज नाही, मला त्यातलं कळत नाही. लग्नाला मी येणारच. साखरपुड्याचं मात्र जमेलसं दिसत नाही. शुभा, फुगू नकोस. तुझ्या सासरच्यांना सांग, भाऊ कामात आहे, आणि व्हिडिओवर मला पहिल्या रांगेत धरायला दाजींना बसव, ते मोबाइल बरा धरतात.

कागलच्या स्थळाचं. मुलगी चांगली आहे, शिकलेली आहे, सगळं मान्य. पण त्यांनी विचारलं आहे की मुलगा परत येणार की तिथंच राहणार, आणि त्याला तुम्ही 'येणार' असं परस्पर सांगितलंत. तसं सांगू नका. मी येणार नाही असंही म्हणत नाही. त्यांना म्हणावं, पुढच्या डिसेंबरपर्यंत थांबता येत नसेल तर दुसरीकडं बघा, आमचा राग नाही. इथं कुणी आहे का, हे मावशीनं विचारायला लावलंय ते मला कळलं. कुणी नाही. असतं तर आधी आईला सांगितलं असतं.

आबा, बीपीची गोळी सकाळचीच घ्या, आठवेल तेव्हा नव्हे. आई, डोळ्यात थेंब घालून घ्यायला शुभाला सांग, स्वतः घालू नकोस, निम्मे गालावर जातात. डॉक्टरांनी चुलीपुढं बसू नको म्हटलंय. गॅसचे पैसेही यातच धरलेत.

पैसे काल पाठवले आहेत, तीन-चार दिवसांत खात्यावर दिसतील. बँकेतून फोन आला की कशाचे म्हणून विचारतात. घरखर्चाला मुलानं पाठवले, एवढंच सांगा. मागच्या खेपेसारखी मॅनेजरला माझी सगळी कहाणी ऐकवू नका.

तुमचा,
अमोल