ट्रकपुढची जागा मोकळी नसते

मा. संपादक,

महामार्गावर ट्रकच्या पुढे दिसणारे अंतर चालकाने मुद्दाम राखलेले असते. ती घुसायची वाट नव्हे. ताशी 80 किमी वेगात ट्रक सेकंदाला 22 मीटर जातो. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात; पेडल दाबल्यावर हवा चाकाजवळच्या ब्रेक चेंबरपर्यंत पोचून लायनर (घर्षणाचा पट्टा) चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला टेकायला साधारण अर्धा सेकंद लागतो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच दहा-अकरा मीटर गेले. एक कार मध्ये शिरते, चालक वेग उतरवून पुन्हा अंतर पाडतो, की दुसरी हजर. दिवसभर हाच खेळ! भरलेली गाडी परत वेगात आणायला किती गिअर टाकावे लागतात, हे मागून हॉर्न बडवणाऱ्याला कुठून कळणार?

घाटउताराला खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) उतार सुरू होण्याआधीच लावावा लागतो. नुसत्या पेडलवर उतरलो तर ड्रम तापून फुगतो, लायनर ड्रमवर ढकलणाऱ्या दांड्याची, म्हणजे पुशरॉडची, धाव वाढते, तापलेल्या लायनरची पकडही सुटते. पाय तळाला टेकला तरी गाडी थांबत नाही. ट्रक रांगतो तो यासाठी, आळसाने नव्हे.

आणखी एक. ट्रकच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नसता.

गोदामांबद्दल काय बोलावे! माल उतरवायच्या रांगेत दर थोड्या वेळाने गाडी दोन हात पुढे सरकवावी लागते, त्यामुळे ताटकळूनही डोळा लागत नाही. टोकन देऊन वेळ सांगितली, तर तेवढी झोप तरी होईल.

– एक ट्रकचालक