तारकागुच्छातले तारे एकसारखे नाहीत

महोदय,

आपल्या आकाशदर्शनाच्या सदरात ज्येष्ठा ताऱ्याशेजारच्या एम ४ या गोलाकार तारकागुच्छाविषयी वाचले. तो शोधायची खूण अचूक दिली आहे. यवतेश्वर ओलांडून कासच्या रस्त्याला लागले, साताऱ्याचे दिवे डोंगराआड गेले, की साध्या द्विनेत्रीतूनही तो धुरकट दिसतो. मात्र ‘गुच्छातील सर्व तारे एकाच ढगातून जन्मल्याने त्यांची घडण एकसारखी असते’ हे वाक्य खटकले. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले आहे, आणि हे वाक्य खोडून काढले ते रसायनशास्त्रानेच!

बर्नरच्या ज्योतीत मीठ टाकले की सोडियमचा पिवळा रंग उमटतो, हे अकरावीची मुले पाहतात. त्याच सोडियमच्या रेषा ताऱ्यांच्या वर्णपटात मोजता येतात. एम ४ मधल्या तांबड्या राक्षसी ताऱ्यांचे त्यावरून सरळ दोन गट पडतात : एकात सोडियम कमी, ऑक्सिजन जास्त, दुसऱ्यात नेमके उलट. लोह मात्र दोन्हींत जवळपास सारखेच. खरी गंमत इथे आहे. हा फरक स्फोट होऊन मरणाऱ्या ताऱ्यांच्या राखेमुळे पडला असता, तर लोहही वाढले असते. ऑक्सिजन घटून सोडियम वाढतो तो हायड्रोजन कित्येक कोटी अंश तापमानाला जळताना. सूर्याच्या केंद्रातही जेमतेम दीड कोटी अंश असतात, आणि एम ४ मध्ये आज जळत असलेले तारे तर सूर्याहून हलके. म्हणजे हा माल त्यांचा स्वतःचा नव्हे. आधीच्या कुठल्या तरी वजनदार ताऱ्यांनी तो शिजवून बाहेर टाकला असावा. ते तारे कोणते, यावर अजून एकमत नाही. दुसऱ्या गटातले तारे इतके आहेत, की एवढा माल आला कुठून, याचा हिशेबच लागत नाही.

एनजीसी २८०८ या गुच्छातल्या ताऱ्यांचे रंग आणि तेज हबल दुर्बिणीने मोजून आलेखावर मांडले, तेव्हा त्यांचे तीन वेगळे पट्टे दिसले. ते २००७ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यांचे कारण हेलियमच्या प्रमाणातला फरक हे मानले जाते. नरतुरंग तारकासमूहातल्या ओमेगा सेंटॉरी या गुच्छात तर लोहाचे प्रमाणही बदलते. तो आपल्या आकाशगंगेने गिळलेल्या एखाद्या छोट्या दीर्घिकेचा गाभा असावा, असे अनेक संशोधकांना वाटते. मे महिन्यात रात्री तो आपल्याकडून दक्षिणेला, क्षितिजापासून पंचवीसेक अंशांवर दिसतो.

शाळेतली मुले हे सदर कापून वहीत चिकटवतात. म्हणून सदराच्या पुढच्या भागात ते वाक्य दुरुस्त करून छापावे आणि ओमेगा सेंटॉरीलाही जागा द्यावी, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, सातारा