‘वाचलास’ म्हणालो होतो ते

मोशी, ११ जानेवारी २०२६

दिग्या,

आधी शिव्या देऊन घे. दिवाळीत तुझे दोन मिस्ड कॉल, मग "जिवंत हायस का" असा मेसेज, आणि त्यावर मी काय पाठवलं तर अंगठा. नंतर रोज उद्या करतो, उद्या करतो करत जानेवारी उजाडला. आज सगळी आळंदीला गेलीत, घर रिकामं आहे म्हणून लिहायला बसलोय. व्हॉईस नोट दोनदा केली आणि दोनदा खोडली, माझाच आवाज ऐकवेना. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर बॉर्डरला, बाकी सगळे ठीक. झाली तब्येत.

अथर्वनं तुझे बूट माळ्यावर टाकले.

मे महिन्यात तू पाठवलेले, ते निळे. मागच्या रविवारी सकाळी उठला, बाथरूममध्ये बसून टूथब्रशनं सगळे स्टड साफ केले, आत पेपरचे बोळे कोंबले, पिशवीत घालून गाठ मारली आणि स्टुलावर चढून गणपतीच्या मखरामागं ठेवले. मी चहा पीत बघत होतो. वाटलं दहावी तोंडावर आली, पोरगं शहाणं झालं. विचारलं तर म्हणतो, "पप्पा, परीक्षेनंतर पण नको. मी डिप्लोमाच करतो. फुटबॉलनं काय पोट भरत नाय."

हे वाक्य कुणाचं आहे तुला माहितीय. शब्दनशब्द माझं. आणि मी त्याला ते कधीच सांगितलेलं नाही मर्दा, आईशप्पथ. त्याच्या तोंडून ऐकल्यावर चहा थंड होईस्तोवर कप हातात धरून बसलो होतो.

तुला माहीत नसेल (मीच सांगितलं नाय, अंगठा पाठवत बसलो), नोव्हेंबरात त्याचं एका रेसिडेन्शियल अकॅडमीत सिलेक्शन झालं. नाव फोनवर सांगतो. लेफ्ट बॅक. दोन वर्षं तिथंच राहायचं, शिक्षण तिथंच, अर्धी फी माफ, जूनला जायचं. तीनशेवर पोरं होती ट्रायलला, त्यातली अकरा घेतली. त्या दिवशी हा गडी मोशीपर्यंत गाडीत गाणी म्हणत आला, मी पण म्हटली. सुषमा म्हणाली बघू. तिचं 'बघू' म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे, तुझ्या लग्नातल्या त्या साडीपासून.

मग २ तारखेला तो व्हिडिओ आला. तू बघितलाच असशील. छेत्री, गुरप्रीत, झिंगन, सगळे इंडियाचे प्लेअर, एकेक जण येऊन एकेक वाक्य बोलतोय, जानेवारी आलाय, आम्ही आयएसएल खेळत मैदानात पाहिजे होतो आणि बसलोय घरी, फिफानं काहीतरी करावं. अथर्वनं मोबाईल टीव्हीला जोडून लावला. ओरडला नाही, रडला नाही. संपल्यावर एवढंच म्हणाला, "छेत्रीलाच मॅच नाय." दोन दिवसांनी बूट माळ्यावर.

त्याला मी आमच्या चाकणच्या कंपनीच्या भाषेत समजवायला गेलो होतो आधी. म्हणलं, बघ, फुटबॉल फेडरेशननं २०१० ला लीग (म्हणजे आताची आयएसएल, देशातली वरची लीग) चालवायचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, १५ वर्षांचं, ७०० कोटीला. ते ८ डिसेंबरला संपलं. संपणार हे १५ वर्षं सगळ्यांना माहीत होतं, तरी जुलैपर्यंत रिन्यूवलचा पत्ता नाही, मग चालवणाऱ्यांनी सांगितलं की पुढचं ठरल्याशिवाय सीझन नाही. टेंडर काढलं तर एकानं भरलं नाही. एकानं! आमच्या कॅन्टीनच्या टेंडरला पण तीन येतात. व्हेंडर नाही म्हणजे लाईन बंद, लाईन बंद म्हणजे पगार बंद, कुठं पगार थांबले, कुठं प्रॅक्टिस थांबली. डिसेंबरात तर मँचेस्टर सिटीवाल्यांनी आयएसएलच्या मुंबई सिटी क्लबातला हिस्सा पण सोडला. २०१९ ला ६५ टक्के घेतलेला, दोनदा कप जिंकून दिला, आणि गेले. हे सगळं मी एकदम समजूतदारपणे सांगितलं रे, बापासारखं. आता वाटतं थोडं कमी समजावलं असतं तरी चाललं असतं.

आणि ६ तारखेला मंत्र्यांनी जाहीर केलं, १४ फेब्रुवारीपासून लीग, १४ च्या १४ क्लब खेळणार. मी ऑफिसातनं नाचत आलो. खरंच नाचत, सिक्युरिटीवाला विचारत होता साहेब प्रमोशन का. घरी येऊन सांगितलं. एकेकाशी एकदाच खेळायचं, सगळ्या मिळून ९१ मॅच. अथर्वनं भूमितीच्या पुस्तकातनं डोकं वर काढलं, "आणि पुढच्या वर्षी?"

बोल आता. मंत्र्यांनी तरी काय सांगितलं असतं त्याला.

सुषमानं त्या आठवड्यात शिरा केला. कशाबद्दल विचारलं तर म्हणे असाच. बेदाणे घालून असाच.

आता मुद्द्यावर येतो, इतका वेळ टाळत होतो. २०१० आठवतंय? बालेवाडीहून स्प्लेंडरवर येत होतो, पुणे एफसीचा पहिलाच आय-लीगचा (तेव्हाची देशातली वरची लीग) सीझन, तुझ्या गळ्यात तो लाल मफलर एवढ्या उकाड्यात. मुंबईची महिंद्रा युनायटेड बंद होणार हे त्याच दिवशी कुणीतरी स्टँडमध्ये सांगितलेलं. २००६ ला नॅशनल लीग (आय-लीगच्या आधीची) जिंकलेली टीम, ज्यांचा कोच डेरिक परेरा आता आपला कोच होता, ती टीमच बंद. आणि मी गाडी चालवता चालवता मान मागं करून म्हणालो, "बघ दिग्या, वाचलास."

वाकडच्या पुलाखाली गाडी थांबव म्हणालास. उतरलास आणि चालत गेलास. कासारवाडीपर्यंत! साडेअकराला आलास, जेवला नाहीस. चार दिवस बोलला नाहीस. मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो, चेष्टा समजत नाही ह्याला.

पुढच्या वर्षी पंजाबची जेसीटी बंद झाली, १९९६-९७ ला पहिली नॅशनल लीग जिंकलेली, तेव्हा पण मी मनात म्हणलंच होतं, वाचला. तोंडानं नाही म्हणलं, अक्कल आलेली. २०१५ ला आपली पुणे एफसी गेली, दोन वर्षं आधी चर्चिलच्या पाठोपाठ दुसऱ्या नंबरला होती ती. भारत एफसी एकच सीझन. डीएसके शिवाजीयन्स दोन. एफसी पुणे सिटी पाच सीझन. तिचा तो बंगळुरूविरुद्धचा सेमीफायनल, इथं ०-० आणि तिथं छेत्रीनं एकट्यानं तीन मारले, तू जर्मनीतनं फोनवर मला धरून शिव्या देत होतास जसं काय मीच मार्किंग सोडलं. २०१९ ला पुण्याची जागा हैदराबादला गेली, तिथं तिसऱ्या सीझनला कप जिंकला, आणि आता तेही बिऱ्हाड उचलून दिल्लीला. आमच्या आबांच्या एसटीत पण एवढ्या बदल्या होत नव्हत्या.

प्रत्येक वेळी मला बरं वाटायचं दिग्या. वाईट वाटायचंच, मफलर माझा पण होता, पण खाली कुठंतरी बरं वाटायचं की मी बरोबर होतो. कारण २००३ ला तुझं पत्र आलं होतं ना मुंबईच्या त्या ऑफिस टीमच्या कॅम्पचं, कूपरेज ग्राउंडला बोलावलेलं, आणि काकूंनी मला दारात थांबवून विचारलं, "संज्या, तू सांग रं, तुझं ऐकतंय ते." आणि मी सांगितलं. थर्ड इयर आहे, सबमिशन आहे, फुटबॉलनं पोट भरत नाय. रंकाळ्यावर नेऊन तुला पण सांगितलं, दोन तास, भेळ घालून. तू नाही गेलास.

मला पत्र आलं नव्हतं. एका ग्राउंडवर दोघं खेळलो, गांधी मैदानात त्या स्काऊटसारख्या माणसासमोर दोघं पळालो, पत्र तुला आलं. हे मी बावीस वर्षं कुठं लिहिलं नव्हतं, आज लिहिलं, पुढचं वाच.

तर आता गंमत बघ, पोरगं माझंच वाक्य म्हणतंय आणि मी उलट्या बाजूनं भांडतोय. मी! गुरुवारी जेवताना त्याला मिझोरामच्या आयझॉल क्लबची गोष्ट सांगायला लागलो. आय-लीगमधनं खाली ढकललेली टीम, गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून परत आत घेतली, मुंबई एफसीनं सोडलेला खालिद जमील कोच, आणि त्याच सीझनला, २०१६-१७ ला, मोहन बागान, बंगळुरू सगळ्यांना मागं टाकून चॅम्पियन. आज तोच खालिद इंडियाचा कोच आहे. मी असा रंगलो होतो की वरणाची वाटी लवंडली. पोरानं शांतपणे विचारलं, "मग आयझॉलला आयएसएलमध्ये घेतलं का?"

नाही घेतलं ना रे. पैसे भरून जागा घ्यायची लीग ती. आय-लीग दोन नंबरची झाली आणि आयझॉल तिथंच राहिलं. २०२३ पासनं खालनं एकेक टीम वर यायला लागली, पंजाब आली, मोहम्मेडन आली, पण वरनं खाली अजून कोणी गेलेलं नाही. आपल्याकडं क्लब खाली जात नाही, सरळ फोटोला हार.

तुझ्या तिथलं बघ. तू २०१६ ला स्टुटगार्टला पोचलास आणि टीम दुसऱ्या डिव्हिजनला गेली. पांढऱ्या पायाचा म्हणून मी ग्रुपवर टाकलं होतं, तू लेफ्ट झालास. २०१९ ला परत गेली. आणि गेल्या मे मध्ये जर्मन कप घेऊन बसली! खाली गेली, घाण खाल्ली, वर आली, पण होती कुठंतरी. तू एकदा म्हणालेलास, दुसऱ्या डिव्हिजनला पण स्टेडियम भरलेलं असतं, तेव्हा मला वाटलं फेकतोयस.

तसं आपलं कोल्हापूरचं शाहू स्टेडियम पण भरतंयच म्हणा. दाजींचा परवा फोन होता, मागं एवढा कल्ला की फक्त "हॅलो" आणि शिव्या ऐकू आल्या. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, सगळ्या तालमींच्या टीमांचं चालूय, कुठलं टेंडर न् कुठलं काय. हो, तुझी पाटाकडील जोरात आहे म्हणे. दाजी काय बी बोलतात. पण तिथं पोट भरतं का, परत तेच. अनिकेत जाधव कोल्हापुरातनं अंडर-१७ वर्ल्ड कपला गेला तेव्हा अख्ख्या गावाच्या आया आठवडाभर पोरांना दूध जास्त देत होत्या, नंतर परत क्लासला घातलं सगळ्यांना.

तर माझं आता असं झालंय. अथर्व थांबला म्हणून मी खूश व्हायला पाहिजे, रीतसर बघितलं तर तो बरोबर आहे, १५ वर्षांच्या पोरानं बाजार बघून निर्णय घेतला, माझ्या एचआरवाल्यांना जमत नाही. पण बूट ज्या पद्धतीनं पुसले ना त्यानं, ते माझ्या डोक्यातनं जात नाय. रागानं फेकले असते तर बरं होतं. तू पत्र काय केलंस तेव्हा? फाडलंस? काकूंकडं दिलंस? मी कधी विचारलंच नाही. पुलाखालनं उतरून चालत गेलास ते माझ्यावर चिडून की दुसरंच काही, तेही नाही. आता सांग. खरं सांग, मैत्री बित्री मध्ये आणू नको.

आणि त्याच्याशी एकदा बोल. जा म्हणू नको, जाऊ नको म्हणू नको, तुला काय झालं तेवढं सांग. माझं ऐकायचा नाही, आणि ऐकलं तर अजून वाईट, तुला माहीतच आहे माझं ऐकून काय होतं. फॉर्म अजून माझ्या ऑफिसच्या बॅगेत आहे, लॅपटॉपच्या मागच्या कप्प्यात, सही न करता. ३१ तारीख शेवटची. सुषमाला वाटतंय मी नकार कळवला.

तुझं काय? घर बदललंस का? अश्विनी वहिनींची परीक्षा झाली का ती भाषेची? रेवाला सांग काकाला मराठीत पत्र लिही, चुका चालतील. आणि तो जर्मन पासपोर्टचा फॉर्म भरलास म्हणे, मला दाजींकडनं कळतंय. पुणे एफसीच्या इझुमीनं जपानचा पासपोर्ट सोडून आपला घेतला तेव्हा कासारवाडीत रात्री दीड वाजेपर्यंत तू मला देश म्हणजे काय यावर लेक्चर दिलेलंस. लक्षात आहे सगळं. घे, घे. शोभून दिसेल.

पुढच्या रविवारी कर फोन, इथल्या संध्याकाळी. तो टेरेसवर असतो तेव्हा, एकटाच भिंतीला बॉल मारत. चपला घालून.

तुझा,
संज्या

ता. क. अकॅडमीच्या कोचला मी पोराला कावीळ झालीय असं सांगितलंय, म्हणून उशीर. त्यांनी काल मूळव्याधीवाल्या वैद्यांचा पत्ता पाठवला, कावीळ पण बघतात म्हणे. तुला कुणी विचारलं तर कावीळच.