बँडच्या मास्तरांना, चिक चॉकलेटच्या निमित्ताने

प्रिय मास्तर,
सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही ही तुमची अट मी पाळते आहे. पण चारचौघांत आभार मानू नका, असं काही तुम्ही बजावलं नव्हतंत. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. जुन्या हिंदी सिनेमातला ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट याच्यावरचा आमचा गाण्यांचा कार्यक्रम झाल्यावर लोक मला गाठून म्हणत होते, "केवढा अभ्यास केलात!" त्यातला बराचसा अभ्यास रास्ता पेठेतल्या तुमच्या माडीवर झाला, आणि तो तुम्ही करून घेतलात, हे त्यांना कळायला हवं.

सी. रामचंद्रांची गाणी आमच्या घरात पूर्वीपासून. पुणेकरांना ते घरचेच वाटतात. पुणतांब्याचे चितळकर, विनायकबुवा पटवर्धनांकडे गांधर्व महाविद्यालयात शिकलेले, मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये पेटीच्या साथीपासून वर आलेले. मी स्वतः पेटी वाजवते, त्यामुळे त्यांच्या चालींवर माझा जीव आहेच. तरी इतकी वर्षं 'शोला जो भडके' ऐकताना माझा कान लताबाई आणि चितळकर यांच्या गळ्यापाशीच अडकायचा. "बाई, गाणारे दोघं बाजूला ठेवा आणि उरलेलं ऐका," असं तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात. उरलेलं ऐकायला लागले आणि तिथे एक अख्खा माणूस भेटला.

अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट. जन्म 1916 चा, गोव्यातल्या हळदोण्याचा. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांतून पोरांना सूर वाचायला आणि लिहायला शिकवत. त्या शिदोरीवर गोव्याचे कितीतरी वादक मुंबईला आले, त्यातलाच हा एक. चाळीसच्या दशकात मुंबईच्या ताज हॉटेलात त्याचा स्वतःचा बँड होता, आणि लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. आर्मस्ट्राँग म्हणजे अमेरिकेतला नावाजलेला जॅझ ट्रम्पेटवाला आणि गायक. मला ही पदवी फारशी पटत नाही. आर्मस्ट्राँगचा ठसा त्याच्या वाजवण्यावर होता, गाण्यावरही होता, पण रात्री हॉटेलात नाचासाठी वाजवून दिवसा हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसायचं, आणि दोन्हीकडे शोभून दिसायचं, हे काम वेगळं आहे. त्याला स्वतःचं नाव मिळायला हवं होतं.

तो सी. रामचंद्रांचा सहायक होता. 'शोला जो भडके' ज्यातलं, तो 'अलबेला' 1951 चा. त्यातल्या 'दीवाना परवाना'मध्ये झालरीचे शर्ट घातलेला जो बँड दिसतो तो चिकचा, हे तुम्ही दाखवलंत. आईबरोबर हा सिनेमा किती वेळा पाहिला, पण माझी नजर कायम भगवानदादांच्या पायांवर!

आता खरी गोष्ट सांगते, कारण ती वाचणाऱ्यांनाही आवडेल. मला लिहिता येतं ते सा रे ग म. तुम्हाला येतात त्या पाच रेघा, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, लष्करी बँडातल्या वडिलांकडून शिकलेल्या. मी पेटीवर एक तुकडा वाजवून म्हटलं, "मास्तर, हा पांढरी चारमध्ये आहे," म्हणजे चौथ्या पांढऱ्या पट्टीला सा धरून. तुम्ही कागदावर तो पांढरी पाचमध्ये उतरवलात. मला वाटलं ऐकण्यात काही गफलत झाली. मग तुम्ही शांतपणे ट्रम्पेट समोर ठेवलात. तिन्ही पिस्टन, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, मोकळे सोडून फुंकलं की जो सूर येतो त्याला ट्रम्पेटवाला सी म्हणतो, पण माझ्या पेटीवर तो काळी पाचला बोलतो. म्हणून त्याच्या कागदावर प्रत्येक सूर एक पूर्ण स्वर वर चढवून लिहावा लागतो. पेटीवर 'प' दाबायचा तर मी एक पट्टी दाबते आणि मोकळी होते. त्याला तोच 'प' ओठाच्या ताणावर, श्वासावर आणि तीन पिस्टनांच्या जुळणीवर पकडायचा असतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, हवी असेल तर पिस्टन अर्धवट दाबून, ओठ सैल सोडत सूर ओघळू द्यायचा.

हे समजावताना तुम्ही सहज म्हणालात, "तेव्हा स्टुडिओत हेच चालायचं." संगीतकार पेटीवर चाल सांगणार, शेजारी बसलेला गोव्याचा माणूस ती ऐकता ऐकता कागदावर उतरवणार, व्हायोलिनचं वेगळं, क्लॅरिनेटचं वेगळं, ट्रम्पेटचं एक स्वर चढवून. एकाला रागदारी ठाऊक, दुसऱ्याला जॅझ, आणि मधे तो कागद. ही माहिती मी पूर्वी वाचली होती. पण तुमच्या लोखंडी कॉटवर बसून, माझी सरगम आणि तुमच्या रेघा एकाच ओळीवर जुळवताना ती मला पहिल्यांदा कळली. आपण दोघांनी एका तुकड्यासाठी सबंध दुपार घालवली. त्या लोकांना तर वादकांचा ताफा समोर बसलेला असताना हे जमवायचं असे, आणि वाजवायचं सगळं एकदम, एकाच खोलीत.

पुढचे दात गेल्यापासून तुम्ही वाजवत नाही. तरी तुम्ही हात आखडला नाहीत. बँडातल्या त्या धाकट्या मुलाला बोलावून घेतलंत, लग्नसराई चालू असताना त्याला सकाळी वेळ काढायला लावलात आणि जलद तुकड्यांसाठी जीभ कशी हलवायची ते "तुकु तुकु, तुकु तुकु" असं तोंडाने म्हणून बसवून घेतलंत. आवाज दबका हवा तिथे भोंग्याच्या तोंडाशी म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं झाकण, कसं आणि किती धरायचं, तेही. लक्ष्मी रोडवर विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलांच्या वर आवाज काढायची त्या पोराला सवय. त्याला हळू वाजवायला शिकवणं हे सगळ्यात अवघड होतं, आणि ते तुम्ही एकदाही न चिडता केलंत.

'आ तेरी तस्वीर बना लूँ'बद्दल वेगळे आभार. 'नादान' 1951 चा, देव आनंद आणि मधुबालाचा, आणि संगीतकार म्हणून चिकचं नाव असलेला. असा धडाडीचा ट्रम्पेटवाला स्वतंत्रपणे संगीत द्यायला बसतो आणि तलत महमूदच्या कापऱ्या आवाजासाठी इतकी मऊ चाल बांधतो! मी ते गाणं कार्यक्रमातून गाळणार होते, कारण लोक त्याच्याकडून नाचाची गाणी मागतील असं वाटलं. तुम्ही म्हणालात, "तेच मधोमध ठेवा." ठेवलं. सभागृहात सगळ्यात जास्त दाद त्यालाच मिळाली. त्यानंतर 'रंगीली' 1952 मध्ये आणि 'कर भला' 1956 मध्ये, इतकंच त्याच्या नावावर फार तर सांगता येतं. बाकीचं त्याचं काम दुसऱ्यांच्या गाण्यांत मुरलेलं आहे. तबकडीवर गायकाचं, सिनेमाचं आणि संगीतकाराचं नाव असे. सहायकाला आणि वादकाला तिथे जागा नसे, आणि हे मला आता प्रत्येक जुनी तबकडी हातात घेताना टोचतं.

शेवटी आपण 'आखिरी खत' लावला होता. 1966 चा सिनेमा, खय्याम यांचं संगीत, 'रुत जवाँ जवाँ' गाणारा तरुण भूपिंदर पडद्यावर गिटार घेऊन, आणि त्याच्याबरोबर ट्रम्पेट घेतलेला चिक. दुसऱ्याच वर्षी, 1967 मध्ये, तो गेला. पन्नाशी जेमतेम ओलांडली होती. तो प्रसंग लागल्यावर तुम्ही त्या मुलाला पडद्याजवळ बसवलंत आणि म्हणालात, "त्याचे गाल बघ. फुगवतोय का? बघ नीट." पोरगं पुन्हा पुन्हा मागे नेऊन तेवढंच बघत राहिलं.

तुमच्या वहीची झेरॉक्स काढून मूळ वही काकूंकडे दिली आहे, पोचली असेलच. मधल्या दोन पानांवर चहाचे डाग आहेत, ते आधीचेच, त्यांनी स्वतः पाहिले. आणि एक विनंती: पुढचा कार्यक्रम फ्रँक फर्नांडवर करायचा मनात आहे. तोही गोव्याचा, तोही ट्रम्पेटवाला, आणि 'आमचें नशीब' व 'निर्मोण' हे कोंकणी सिनेमे काढणारा. दिवाळीनंतर लग्नाच्या तारखा सुरू व्हायच्या आत त्या मुलाला घेऊन बसूया का? पेटी मी घेऊन येईन, तुम्ही फक्त दिवस कळवा.

तुमची,
पेटीवाल्या बाई