गॅस गिझरमधून वाचलेल्यांची नजर कोण तपासतो?

मा. संपादक,
स. न.

थंडी पडू लागली की बंद बाथरूममध्ये गॅस गिझरमुळे मृत्यू, अशा बातम्या दरवर्षी येतात. आपल्या दैनिकातल्या ताज्या बातमीत एकाचा मृत्यू झाला आणि दुसरा बचावला, एवढेच होते. बचावलेल्यांविषयी कुणीच काही लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

१९८८ मध्ये इटलीत राहणाऱ्या एका स्कॉटिश तरुणीला असाच अपघात झाला. आंघोळ करताना सदोष गॅस हीटरमधला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तिच्या रक्तात भिनला. वैद्यकीय साहित्यात ती ‘डी. एफ.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिचे डोळे शाबूत होते. रंग कळत, पृष्ठभाग खडबडीत की गुळगुळीत तेही कळे, पण वस्तूचा आकार काही केल्या ओळखू येईना. तीच वस्तू हातात दिली की लगेच नाव सांगे. माणसे आवाजावरून ओळखी. आठवणीतून सफरचंदाचे चित्र काढी, आणि थोड्या वेळाने तेच चित्र समोर धरले तर ते कशाचे, हे सांगता येत नसे.

मेल्विन गुडेल आणि डेव्हिड मिल्नर या मेंदूसंशोधकांनी तिच्यासमोर एक खाच ठेवली, हव्या त्या कोनात फिरवता येणारी. खाच उभी की आडवी, हे तिला सांगता येईना. हातातले कार्ड त्या कोनात नुसते धरूनही दाखवता येईना. मात्र पत्र पेटीत टाकावे तसे कार्ड आत सरकवायला सांगितले, तेव्हा हात खाचेपर्यंत पोहोचण्याआधीच बरोबर वळला!

डोळ्यांकडून आलेली माहिती मेंदूच्या मागच्या भागात पोहोचते आणि तिथून तिला दोन वाटा फुटतात. खालची कानशिलाकडे जाते आणि ‘हे काय आहे’ ते ठरवते. वरची हाताला ‘कसे धरायचे’ ते शिकवते. डी. एफ.ची खालची वाट बाधित झाली होती, असा निष्कर्ष या दोघांनी १९९२ मध्ये मांडला. विभागणी इतकी काटेकोर नाही, असे म्हणणारे संशोधकही आहेत. रुग्णाच्या घरच्यांना त्या वादाशी काय करायचे?

डोळे शाबूत असूनही पाहिलेली वस्तू ओळखता न येणे, याला व्हिज्युअल अ‍ॅग्नोशिया म्हणतात. तो पक्षाघातानंतरही होतो. काही रुग्ण चित्राची हुबेहूब नक्कल करतात, पण ते कशाचे आहे हे त्यांना उमगत नाही. आकारच न कळणारे आणि आकार कळूनही अर्थ न उमगणारे, हा भेद लिसाउअर या जर्मन डॉक्टरने १८९० मध्येच सांगून ठेवला. काहींना फक्त चेहरे ओळखता येत नाहीत.

आपल्याकडे अडचण तपासणीतच आहे. भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरे डोळा किती बारीक पाहतो एवढेच सांगतात. नंबर ठीक निघाला की घरचे निर्धास्त होतात आणि समोरची वाटी न ओळखणारा माणूस विसरभोळा किंवा नाटकी ठरतो. घरीही एवढे करून पाहता येईल: किल्ली, कंगवा, चमचा आधी नुसता दाखवा, मग डोळे मिटायला सांगून हातात द्या. पाहून न ओळखणारा हाताने चटकन ओळखत असेल, तर चष्म्याच्या दुकानात न जाता मेंदूविकारतज्ज्ञाकडे जा. कार्बन मोनॉक्साइडचे काही परिणाम तर रुग्ण बरा होऊन घरी आल्यावर, काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही दिसू लागतात. डिस्चार्जच्या कागदावर याची एक ओळ असायला काय हरकत आहे?

प्रश्न प्रमाणपत्राचाही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी ठरते ती नजरेची तीव्रता आणि दृष्टिक्षेत्र यांच्या मोजमापावर. ज्याची ही दोन्ही मापे नीट भरतात, पण ज्याला ताटातली पोळी ओळखता येत नाही, तो त्या व्याख्येत बसत नाही. आरोग्य आणि दिव्यांग कल्याण या दोन्ही खात्यांनी यात लक्ष घालावे.

आणि आपल्या वार्ताहरांना एक विनंती. अशा प्रत्येक बातमीखाली एवढे जरूर छापा: सिलिंडरच्या गॅसला वास असतो, कार्बन मोनॉक्साइडला नसतो, गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा.

– एक निवृत्त ऑक्युपेशनल थेरपिस्ट, सातारा