सर्व्हिस बुक हरवलेली जुनी पोर्शे घ्यावी का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या स्पोर्ट्स गाड्यांवरील आपल्या लेखात ‘सर्व्हिस बुक पूर्ण नसेल तर त्या गाडीच्या वाटेला जाऊ नका’ असा सल्ला होता. एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या पोर्शे ९११च्या बाबतीत (१९६४ ते १९९८) तो जसाच्या तसा पाळला, तर चांगल्या गाड्या हातच्या जातील आणि शिक्क्यांनी भरलेली वही पुढे करून दमलेले इंजिन गळ्यात मारणाऱ्यांचे फावेल. या इंजिनांवर काम करणाऱ्या आम्हा काही वाचकांना ही दुसरी बाजू मांडावीशी वाटते.

तीस ते साठ वर्षांच्या गाडीने पाच-सहा मालक सहज पाहिलेले असतात. त्यात मधली काही वर्षे कोरी असणारच. शिवाय शिक्का म्हणजे गाडी त्या तारखेला वर्कशॉपमध्ये आली होती, एवढेच. आत काय उघडले, काय बदलले, हे बिल सांगते. म्हणून वही नसली तरी बिलांची फाइल मागा आणि ती तारखेप्रमाणे लावून प्रत्येक बिलावरचे किलोमीटर वाचा. आकडे चढत गेले पाहिजेत. मध्येच तोच आकडा दोन-तीन वर्षे दिसला, तर गाडी उभी होती किंवा मीटर बंद होता. या गाड्यांच्या मीटरमधले प्लॅस्टिकचे बारीक गिअर वयाने भुगा होतात. मग काटा वेग दाखवत राहतो, पण किलोमीटर पुढे सरकत नाहीत. ‘फक्त साठ हजार चाललेली’ असे कानावर आले की हे आठवा.

‘इंजिन बांधले आहे’ हे शब्द सर्वांत जास्त तपासून घ्यावेत. खरोखर बांधलेल्या इंजिनाच्या बिलात रिंगा, बेअरिंग, चेन, गॅस्केटचा पूर्ण संच, व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी), मशीन शॉपचे वेगळे बिल आणि कनेक्टिंग रॉडचे नवे बोल्ट दिसायला हवेत. हे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. बिलात ते नसतील तर खालचा भाग उघडलेलाच नाही, किंवा उघडून जुनेच बोल्ट परत आवळले आहेत. या दोहोंपैकी दुसरी गोष्ट जास्त वाईट. ‘इंजिन दुरुस्ती’ असे लिहून खाली एकच मोठी रक्कम टाकलेले बिल पुरावा म्हणून धरू नका. ज्या कामाचा कागद नाही ते झालेलेच नाही असे समजून किंमत बोलावी. विकणाऱ्याला यात अपमान वाटायचे कारण नाही.

आता गाडी. बघायला जाण्याआधी इंजिन गरम करून ठेवू नका, असे मालकाला बजावा. गेल्यावर आधी हाताने पाहा, इंजिन थंडच असले पाहिजे. बरेच दिवस उभी असलेली ९११ सुरू होताना निळसर धुराचा लोट सोडते. सिलिंडर आडवे असल्याने तेल झिरपून आत साठते आणि मिनिटभरात जळून जाते. त्याने घाबरू नये. धूर त्यानंतरही राहिला, किंवा गाडी चालवताना अॅक्सलरेटर सोडून उतारावर आल्यावर मागे निळा धूर दिसला, तर व्हॉल्व्ह गाइड झिजलेले आहेत.

ऑइल पाहण्याची पद्धत इतर गाड्यांसारखी नाही आणि इथे अनुभवी माणसेही चुकतात. या इंजिनाला ड्राय संप आहे. ऑइल वेगळ्या टाकीत राहते आणि सगळे मिळून दहा लिटरपेक्षा जास्त असते. गाडी सपाट जागी, इंजिन पूर्ण गरम आणि चालू ठेवूनच डिपस्टिक पाहायची. इंजिन बंद करून किंवा थंड असताना पाहिले की पातळी खोटी कमी दिसते. मग माणूस लिटर-दोन लिटर ओततो, ते जादा ऑइल ब्रीदरमधून (वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये जाते आणि गाडी धूर ओकते. अशा धुरामुळे चांगली इंजिने ‘गेलेली’ ठरलेली आहेत. हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल खाणे हे या इंजिनाला नवे नाही. दीड लिटरच्या आसपास गेले की गाइड किंवा रिंगांचे काम आलेच. ऑइल गरम झाल्यावर दाब हजार आरपीएमला साधारण एक बार या हिशेबाने चढला पाहिजे. आयडलवर काटा खाली बसतो, त्याची चिंता नको.

यानंतर लीक-डाउन टेस्ट. मालक नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. इंजिन गरम असताना प्लग काढायचे, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा आणि प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडून किती टक्के निसटते ते पाहायचे. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-६-२-४-३-५ आहे. त्याच क्रमाने क्रँक दर वेळी १२० अंश फिरवत गेले की सहाही सिलिंडर होतात. पाच टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन छान, दहापर्यंत चालेल, वीसच्या पुढे ते उघडावे लागणार. आकड्याइतकाच आवाज महत्त्वाचा. सायलेन्सरमध्ये फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेकमध्ये आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडाशी आली तर रिंगा. पाच सिलिंडर चांगले आणि एकच बिघडलेला आढळला तर लगेच निकाल देऊ नका. व्हॉल्व्हखाली कार्बनचा कण अडकूनही तसे होते. गाडी तासभर नीट पळवून परत मोजा. आणि हे लक्षात ठेवा की गाइड पूर्ण झिजलेले असतानाही ही टेस्ट सुरेख येऊ शकते. एखादा हेड स्टड, म्हणजे हेड आणि सिलिंडर आवळून धरणारा लांब बोल्ट, तुटलेला असला तरीसुद्धा.

स्टडचा विषय मॉडेलप्रमाणे वेगळा आहे. १९७४ ते १९७७च्या २.७ लिटर इंजिनाचा क्रँककेस (क्रँकभोवतीचे मुख्य कवच, ज्यात हे स्टड बसतात) मॅग्नेशियमचा. इंजिन तापले की हेड आणि सिलिंडर जास्त प्रसरण पावतात, स्टड ताणले जातात आणि मऊ मॅग्नेशियममधले आटे उपटून बाहेर येतात. अमेरिकेत विकलेल्या १९७५पासूनच्या बऱ्याच गाड्यांवर थर्मल रिअॅक्टर (धुरातले न जळलेले इंधन जाळणारे डबे) होते, त्यांनी उष्णता आणखी वाढवली. यावर खात्रीचा उपाय एकच: केस पूर्ण उघडून सर्व २४ भोकांत पोलादी इन्सर्ट बसवणे. मशीन शॉपच्या बिलावर हा उल्लेख नसेल तर २.७च्या किमतीतून पूर्ण इंजिनाचा खर्च वजा करा. इथे गाडी कितीही देखणी असली तरी हात सैल सोडू नका.

१९७८ ते १९८३ची एससी आणि १९८४ ते १९८९ची ३.२ कॅरेरा यांचे केस अॅल्युमिनियमचे. आटे टिकतात, पण खालच्या म्हणजे एक्झॉस्टच्या बाजूचे डिलाव्हार धातूचे स्टड गंजाच्या बारीक खड्ड्यातून तडकून तुटतात. खालची व्हॉल्व्ह कव्हरे काढून पाहायला फार वेळ लागत नाही. कधी कधी तुटलेला तुकडा नटासकट कव्हरमध्येच पडलेला सापडतो. कव्हरे उघडलीच आहेत तर व्हॉल्व्हचे अंतरही मोजा. थंड इंजिनावर ०.१० मिलिमीटर, बाराही व्हॉल्व्हना. सगळीकडे ते बरोबर निघाले तर गाडीची निगा कोणीतरी अलीकडेच राखली आहे, वहीत शिक्का असो वा नसो.

१९८३पर्यंतच्या इंजिनांत चेन टेन्शनर (व्हॉल्व्ह चालवणारी चेन ताणून धरणारे भाग) स्वतःच्या आतल्या ऑइलवर चालतात. ते बसले की चेन सैल पडते, दात ओलांडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. १९८४पासून कंपनीने इंजिनाच्या ऑइल प्रेशरवर चालणारे टेन्शनर दिले आणि तेच जुन्या इंजिनांनाही बसवता येतात. बसवले आहेत का हे बिलाशिवायही कळते: चेनच्या झाकणांवर दोन्ही बाजूंना ऑइलची बारीक नळी आलेली दिसते. एससीमध्ये इनटेकचा एअरबॉक्सही पाहावा. सुरू करताना इंजिनाने उलट फटका मारला की प्लॅस्टिकचा हा डबा फुटतो. त्यावर पॉप-ऑफ व्हॉल्व्ह (असा दाब बाहेर सोडणारी झडप) लावलेला असला तर मालक जाणकार होता म्हणायचे.

३.२मध्ये गाइड लवकर झिजण्याची तक्रार नेहमीची आहे. १९८६पर्यंतच्या गाड्यांत ९१५ गिअरबॉक्स आहे आणि त्याच्या दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर अलगद जुळवणारी कडी) आधी जातो. गिअरबॉक्स गरम झाल्यावर तिसऱ्यातून दुसऱ्यात आणा. करकर ऐकू आली तर तो उघडावा लागेल. १९८७पासूनचा जी५० गिअरबॉक्स जास्त दणकट. ३.२नंतर आलेल्या ९६४ या मॉडेलच्या सुरुवातीच्या इंजिनांत हेड आणि सिलिंडरमध्ये गॅस्केट नव्हते, तिथून तेल पाझरते. दोन डिस्ट्रिब्युटरना जोडणारा छोटा पट्टा तुटतो तेही त्याच मॉडेलमध्ये. शेवटचे एअर-कूल्ड मॉडेल ९९३, त्याला हायड्रॉलिक टॅपेट असल्याने व्हॉल्व्हचे अंतर जुळवावे लागत नाही, मात्र सेकंडरी एअरच्या (एक्झॉस्टमध्ये जादा हवा सोडणाऱ्या) वाटा कार्बनने बुजतात आणि ते काम स्वस्त नाही.

ऑइल गळती नसलेली ९११ विरळाच, तेव्हा कुठून गळते ते विचारा. कॅमशाफ्टचे घर आणि केस यांना जोडणाऱ्या ऑइल रिटर्न ट्यूबच्या सीलमधून असेल, तर लांबी कमी-जास्त होणाऱ्या नळ्या मिळतात आणि इंजिन न उघडता काम होते. इंजिनाच्या वर, फ्लायव्हीलच्या अंगाला थर्मोस्टॅट, ब्रीदरचे झाकण आणि प्रेशर स्विच जवळजवळ बसलेले आहेत. तिथली सील नगण्य किमतीची, पण हात पोचायला बहुधा इंजिन उतरवावे लागते.

इतके लिहूनही आमचे मत असे की इंजिनापेक्षा पत्र्याला जास्त वेळ द्यावा. इंजिन कितीही खर्चाचे असले तरी ते बांधता येते, कुजलेला सांगाडा सरळ करणे त्याहून कठीण. १९७६च्या मॉडेलपासून बॉडीला जस्ताचा थर आहे. अपघातानंतर जोडलेल्या तुकड्याला तो बहुतेक नसतो आणि गंज तिथूनच धरतो. पुढच्या डिकीतला गालिचा उचलून पेट्रोल टाकीभोवतीचा आणि बॅटरीखालचा पत्रा पाहा. दाराच्या कुलपाचा खांब खाली जिथे सिलला (दाराखालच्या पट्टीला) मिळतो तिथे बोटाने दाबा. १९८९पर्यंतच्या मॉडेलांत (९६४ आणि ९९३ सोडून) गाडी लिफ्टवर घेऊन मागच्या टॉर्शन बारच्या (स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांडीच्या) नळीची टोके बघा. रंगाची जाडी मोजणारे यंत्र सोबत न्या. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, तीनशेच्या वर दुसऱ्यांदा रंगवलेला, हजारच्या वर असेल तर आत पुट्टी. उजव्या सिलखालून जाणाऱ्या ऑइलच्या नळ्या आणि मागच्या उजव्या चाकाजवळचा थर्मोस्टॅटही याच वेळी पाहून घ्या. त्यांचे नट असे धरलेले असतात की सोडवताना नळीच पिळवटते.

चासी नंबर डिकीत पत्र्यावर आणि वेगळ्या पट्टीवरही असतो. इंजिनाचा नंबर फॅनशेजारी क्रँककेसवर ठोकलेला असतो आणि जवळच ९३०/२०सारखा टाइप क्रमांक. दोन्ही स्वतः वाचा, फोटोवर विसंबू नका. ठोकलेल्या आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा असतील तर व्यवहार थांबवा. इंजिन मूळचे नसेल तर गाडी टाकाऊ ठरत नाही, पण किंमत मूळ इंजिनाची देऊ नये.

वहीत शिक्के असलेल्या वर्कशॉपना थेट विचारावे, काहींकडे जुन्या नोंदी राहिलेल्या असतात. सीट बेल्टवरची तारीख, काचांवरचे कोड आणि टायरवरचा आठवडा-वर्षाचा चार आकडी क्रमांक यांवरूनही कोरी वर्षे थोडीफार भरता येतात. टायर दहा वर्षांचे आणि ‘दर वर्षी सर्व्हिस’चे शिक्के ताजे, अशी जोडी समोर आली तर शिक्क्यांवर विश्वास ठेवू नका.

गाडी घ्यायचे ठरलेच तर पहिल्या दिवशी ऑइल बदला, काढलेला फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून पाहा. काळी पूड चालेल. पितळी किंवा चांदीसारखी चमक दिसली तर बेअरिंग किंवा केसचा धातू सुटतो आहे आणि इंजिन पुन्हा सुरू करू नये. आणि त्याही आधी, गाडी जागेवरून हलवण्यापूर्वी, इंजिनावरच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या वाकवून पाहा. वयाने कडक झालेल्या नळीला वाकवताच भेगा दिसतात, आणि खाली एक्झॉस्टच्या उष्णतेने तापलेले हीट एक्स्चेंजर असतात. तशी एक जरी नळी आढळली तरी गाडी चालवत नेऊ नका, ट्रेलर मागवा.

आपले,
एअर-कूल्ड इंजिनांवर काम करणारे काही वाचक